मामांची पूड आणि वारज्याचं पाणी

घरी आलेल्या माणसाच्या हातात आधी पाण्याचा पेला द्यावा, ही रीत ज्यानं कुणी पाडली त्याला माझ्या मामेसासऱ्यांची कल्पना नसावी. समोर आलेल्या पाण्याची चौकशी केल्याशिवाय ते तोंडाला लावायचं नाही, असा नेम पाळणारा दुसरा माणूस उभ्या पुण्यात मला भेटलेला नाही. पेला हातात आला की मामा तो उजेडाकडे धरत, शर्टाच्या खिशातून कागदाची पिवळी पट्टी काढत, ती पाण्यात बुडवत आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसत. पट्टी पिवळीच राहिली की "ठीक आहे" म्हणून पाणी पीत. ती जांभळी झाली असती तर त्यांनी काय केलं असतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण पट्टी कुणाच्याच घरी जांभळी झाली नाही. यजमानांचा चेहरा मात्र तेवढ्या वेळात जांभळा होत असे. मी अमरावतीकडचा. लग्नानंतर मामा पहिल्यांदा आमच्याकडे आले आणि त्यांनी पट्टी बाहेर काढली, तेव्हा मी आत जाऊन बायकोला हळूच विचारलं, "माझ्यावर संशय आहे का यांचा?" ती म्हणाली, "तुझ्यावर नाही, नळावर आहे."

मामांनी सगळी नोकरी एका प्रयोगशाळेत, सांडपाण्यातले जड धातू पकडण्यात घालवली. शिसं, पारा, कॅडमियम ही नावं ते अशी घेत, की जुन्या फौजदाराला गावातले सराईत चोर आठवावेत. या चोरांसाठी त्यांनी एक पूड तयार केली होती. दिसायला बेसनासारखी, पण तिच्या एकेका कणात डोळ्यांना कधीच न दिसणारी असंख्य भोकं. चमचाभर पुडीतल्या सगळ्या भोकांच्या भिंती उलगडून अंथरल्या तर क्रिकेटचं मैदान झाकलं जाईल, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की पुढे पुढे टीव्हीवर मॅच लागली तरी मला बेसन आठवे. त्या भिंतींवर म्हणे बारीक आकडे बसवलेले असतात. शिसं आत शिरलं की आकड्यात अडकतं आणि पूड पिवळ्याची जांभळी होते. म्हणजे चोर पकडणं आणि शिट्टी वाजवणं, दोन्ही कामं ती एकटीच करते. नंतर आम्लात धुतली की सगळं सोडून देते आणि पुन्हा कामाला लागते. तीच पूड कागदावर बसवून त्यांनी पट्ट्या केल्या होत्या. "आत मोकळी आहे म्हणून तिचा उपयोग आहे, जावईबापू," ते सांगत. "ठासून भरलेल्या वस्तूत काही शिरत नाही."

भोकांचं हे वेड प्रयोगशाळेतच राहिलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या सासूबाई, म्हणजे मामांची थोरली बहीण, कसबा पेठेत राहतात आणि त्यांचे अनारसे नातेवाइकांत प्रसिद्ध आहेत. अनारशाला जाळी पडली की नाही हे सगळेच बघतात, पण डोळ्यांनी. मामांनी एका दिवाळीला खिशातून भिंग काढलं. ताटातला प्रत्येक अनारसा खिडकीशी नेऊन पाहिला आणि निकाल दिला, "जाळी आहे. पण भोकं एका मापाची नाहीत." सासूबाईंनी ताट उचललं आणि म्हणाल्या, "मग तू तुझ्या पुडीचेच तळून खा." त्या वर्षी मामांच्या घरी फराळाचा डबा गेला नाही.

मामांच्या लग्नाच्याही हे पाणीच आड आलं. तेव्हा ही पूड नव्हती, मामांच्या खिशात कसल्याशा द्रावणाची कुपी असे. मुलगी बघायला गेले, मुलीनं पाणी आणलं, मामांनी पेल्यात थेंब टाकले आणि पेला डोळ्यांसमोर धरून बसले. मुलीच्या वडिलांनी बराच वेळ वाट पाहिली. मग शांतपणे विचारलं, "आपण मुलगी बघायला आलात, की आमचा नळ?" यात आपलं काही चुकलं असं मामांना अजूनही वाटत नाही. मुलगी चांगली होती, असं मात्र ते एकदा मला म्हणाले होते. पाणीही चांगलं होतं, अशी पुस्ती त्यांनी जोडली.

निवृत्त झाल्यावर ते वारज्यात आमच्याच सोसायटीत, खालच्या मजल्यावर राहायला आले. सोसायटी आयटीवाल्यांची. सकाळी कंपनीच्या बसगाड्या हिंजवडीकडे निघाल्या की मागे उरत ते वॉचमन आणि मामा. प्रयोगशाळेतून सुरुवातीला फोन यायचे, अमुक बाटली कुठे ठेवली, तमुक भट्टी कशी लावायची. बाटल्या सापडल्या तसे फोनही थांबले. संध्याकाळी मी गाडी लावत असलो की मामा खिडकीतून विचारत, "काय, आज लवकर?" मी रोज त्याच वेळेला येत असे. हा माणूस एकटा पडला आहे, हे मला कळत होतं आणि वरच्या मजल्यावर माझा चहा थांबलेला असायचा.

मग एका उन्हाळ्यात महापालिकेचं पाणी कमी आलं, नळाला आमच्या बोअरचं सोडलं आणि त्याला लोखंडी वास येऊ लागला. टेकडीपलीकडे कुणीतरी धातूला मुलामा देण्याचा कारखाना काढला होता आणि त्याचं पाणी ओढ्यात सोडतात अशी बोलवा होती. सोसायटीत घबराट पसरली. सेक्रेटरी स्वतः मामांच्या दारात गेले, "सर, आपण यातले तज्ज्ञ" वगैरे म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून मामांच्या घरी रांग लागली. कुणी बाटलीत, कुणी डब्यात, एक बाई तर बाळाच्या दुधाच्या बाटलीत पाणी घेऊन आल्या. मामांनी खुर्च्या आणल्या, चहाचं मोठं पातेलं घेतलं, बिस्किटांचे पुडे आणले. पट्टीचा रंग ठरायला लागायची दोनच मिनिटं, पण क्रिकेटच्या मैदानासकट सगळं सांगून होईपर्यंत तास जाई, आणि लोक ऐकत. मामांना इतकं आनंदात मी आधी पाहिलं नव्हतं. एकदा तर त्यांनी माझ्या बायकोला हाक मारून आणखी कप मागवले.

घोळ असा झाला, की पाण्यात काही निघालं नाही. पट्टी पिवळी ती पिवळीच. मामांनी पाणी आटवून पाहिलं, ओढ्यावर जाऊन तिथलंही आणलं, पुन्हा पुन्हा तपासलं. बोअरचा पाइप आतून गंजला होता, एवढंच. लोकांना ते पटेना. सेक्रेटरींनी तर अजिजीनं विचारलं, "थोडंसंसुद्धा नाही का हो?" मामा म्हणाले, "आहे तेवढंच सांगता येतं. नसलं, तर तेही सांगावं लागतं."

पुढच्या रविवारी टाय लावलेला एक विक्रेता आला. त्यानं आमच्या पाण्यात विजेच्या दोन कांड्या सोडल्या आणि बघता बघता पेल्यातलं पाणी मातकट, फेसाळ झालं. त्याच्या यंत्रातलं पाणी तसंच स्वच्छ राहिलं. सगळे "बघा, बघा" करू लागले. मामा मागून उठले आणि म्हणाले, "अहो, ती कांडी लोखंडाची आहे. पाण्यात क्षार असले की कांडीच विरघळते. हा गंज तिचा आहे, तुमच्या पाण्याचा नाही." त्यांचं बोलणं अगदी बरोबर होतं आणि कुणालाही ते नको होतं. महिनाभरात घरोघरी यंत्रं बसली. मामांच्या खुर्च्या भिंतीला लागल्या. बिस्किटांचे पुडे उरले होते, ते वॉचमननं खाल्ले.

माझी बायको एकदा त्यांना म्हणाली, "मामा, किंचित शिसं आहे म्हणायचं होतंस. लोक येत राहिले असते." ती थट्टेत बोलली होती. मामा म्हणाले, "जिभेवर आलं होतं गं. त्या बाळाच्या बाटलीवाल्या बाईंना सांगणार होतो, पुढच्या आठवड्यात परत आणा म्हणून. पण त्या घाबरल्या असत्या." मला तिथं बसवेना. मी उगीच गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरातल्या नळाखाली बाटली भरली, खाली गेलो आणि मामांना सांगितलं की आमच्या ऑफिसातल्या एकाच्या घरामागे, खडकीला, जुनी विहीर आहे, तिचं पाणी जरा तपासायचंय. मामांनी चष्मा लावला. खुर्ची पुढे ओढली, चहा टाकला, पट्टी बुडवली, विहीर किती खोल, कठडा आहे का, आसपास कसले कारखाने, सगळं विचारून घेतलं. मी सुचेल तशी विहीर खणत गेलो. मैदान झालं, आकडे झाले, प्रयोगशाळेतली जुनी भांडणं झाली, दुसरा चहा झाला. अकरा वाजले तेव्हा ते उठले, उरलेलं पाणी नाकाशी नेलं आणि बेसिनमध्ये ओतलं.

"शिसं नाही," ते म्हणाले. "विहीरही नाही. विहिरीच्या पाण्याला महापालिकेच्या क्लोरीनचा वास येत नसतो, जावईबापू."

मामांनी बाटली दोनदा विसळली, उलटी धरून निथळवली, झाकण लावून माझ्या हातात दिली. दारापर्यंत आले.

"पुढच्या रविवारी कुठल्या विहिरीचं आणताय?"

"कात्रजला एक आहे म्हणतात," मी म्हणालो.

"आणा," मामा म्हणाले. "जरा लवकर या. लांबची आहे, वेळ लागेल."