तिसरी शिट्टी

कुकरची शिट्टी झाली तरी ध्यानाला बसलेल्या माझ्या नवऱ्याच्या पापण्या हलत नाहीत. आम्ही दोघं एकाच दिवशी शिकायला लागलो. सकाळी कुकर चढवायचा आणि हॉलमध्ये सतरंजीवर बसायचं. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलंय, आवाज येतील, येऊ द्या, लक्ष श्वासावर ठेवा. मी ठेवते. पण पहिली शिट्टी झाली की श्वास सुटतो आणि मी दुसरीची वाट बघत बसते. तिसरीला उठते, गॅस बंद करून येते. तेव्हा यांचा चेहरा बघण्यासारखा असतो, कपाळावर एक आठी नाही.

फायदा त्यांना झालाच. झोप लागते, भाजीत मीठ कमी पडलं तरी चिडत नाहीत. "यांना शिट्टी ऐकूच येत नाही, इतके आत जातात," असं मी बहिणीला कौतुकाने सांगितलं होतं.

आज कधी नव्हे ते मलाही साधलं. श्वास येत होता, जात होता. शिट्ट्याही आल्या, गेल्या. उठावंसं वाटलं नाही.

शेजारून अगदी शांत, प्रेमळ आवाज आला, "अगं, तिसरी झाली."

मी उठले, गॅस बंद केला. घरात एकाला निवांत डोळे मिटायचे तर दुसऱ्या कुणाचे तरी कान ओट्यापाशी ठेवावे लागतात, हे बाईंनी शिकवलं नव्हतं. परत आले तर त्यांचा चेहरा तसाच, डोळे मिटलेले, कपाळ मोकळं.

म्हणजे रोज ऐकू येत होती.