पगारेभाऊ हळू बोलायला शिकल्यावर

फोन आला तेव्हा मी गोदाघाटाजवळच्या फुलबाजारात शेवंतीची पाटी उतरवत होते. पगारेभाऊंची मुलगी बोलत होती. "मावशी, बाबा सकाळी गेले," एवढंच म्हणाली. हृदयाचं दुखणं होतं, रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली होती, पण तरी... मी पाटी तशीच अधांतरी धरून उभी राहिले. शेजारची म्हणाली, "आक्का, खाली ठेव की." मी सांगितलं, पगारे हवालदार गेले. मग आमच्या सगळ्या ओळीत तराजू थांबले. पोलीस गेला म्हणून फुलबाजार गप्प झालेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

खोटं कशाला बोलू, पहिली काही वर्षं आम्हाला हा माणूस डोळ्यासमोर नको असायचा. रोज सकाळी चौकीतल्या तसबिरीसाठी हार न्यायचा, आणि आवाज असा की पुलापलीकडे ऐकू जावा. त्याच आवाजानं बबनचा घात केला. बबन आमच्या शेजारी नारळ विकायचा. बाजारात पप्या नावाचा एक गुंड होता, त्यानं एका रिक्षावाल्याचं डोकं दगडानं फोडलं ते बबननं पाहिलं आणि धीर करून चौकीत जाऊन सांगून आला. दुसऱ्या दिवशी काही विचारायचं राहिलं म्हणून पगारेभाऊ चौकीच्या ओसरीवर आले आणि नेहमीसारखे ओरडले, "नारळवाला बबन आला का रे जबाबाला?" समोर चहाची टपरी, तिथं पप्याची माणसं बसलेली. दुपारी भर बाजारात त्यांनी बबनला नारळाच्या हातगाडीवरून खाली ओढलं. लोखंडी गज होता. गुडघ्यावर मारत होते, मोजूनमापून, लाकूड फोडावं तसे. तो आवाज मला अजून येतो. आम्ही सगळ्या खाली मान घालून फुलं निवडत बसलो होतो... मीसुद्धा. बबन पुढं लंगडत येवल्याला सासुरवाडीला गेला तो परत आला नाही. आणि आमच्या बाजारानं ठरवून टाकलं, चौकीची पायरी चढायची नाही.

म्हणून पप्याला कुणी विचारणारं उरलं नाही. माझी धाकटी जाऊ मंगल पुलाच्या कोपऱ्यावर बसायची. ती जागा पप्याला त्याच्या माणसासाठी हवी होती. मंगल म्हणाली, "माझी सासू बसली इथं, मी उठायची नाय." सकाळची गर्दीची वेळ होती. त्यानं कोयता काढला तो पिशवीतून, भाजी काढावी तसा. पहिला घाव तिनं हातावर झेलला, दुसरा खांद्यावर बसला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. मी तिच्या अंगावर पडले, तर त्यानं माझ्या पाठीत लाथ घातली आणि म्हणाला, "म्हातारे, तू काय बघितलं?" मी म्हटलं, काही नाही. शंभर माणसं उभी होती, त्यातल्या कुणीच काही बघितलं नाही.

चार दिवसांनी पगारेभाऊ मखमलाबादच्या आमच्या घरी आले. अंगात साधा पांढरा शर्ट, हातात पिशवी. चपला बाहेर काढल्या, आत आले आणि स्वतःच दार लोटून घेतलं. मी चिडूनच होते. म्हटलं, "बबनचं नाव तुमच्या चौकीतूनच बाहेर गेलं ना?" मला वाटलं आता दरडावतील, नाहीतर कुणा शिपायावर ढकलतील.

"चौकीतून नाही," ते म्हणाले. "माझ्या तोंडातून गेलं."

मंगल आतून पडल्या पडल्या म्हणाली, "आता माझं पण ओरडून सांगा, म्हणजे राहिलेली दोन बोटं पण जातील." ते खाली बघत म्हणाले, "ताई, तुम्ही आज काही सांगू नका. मी उद्या येतो." ते रोज येऊ लागले. दुपारी, साध्या कपड्यात. गल्लीला वाटावं पाहुणा आहे म्हणून ओट्यावर आमच्यात बसून हार ओवायचे. ओवायचे कसले... एक फूल इथं, एक तिथं. मंगल त्यातही म्हणायची, "हवालदार, हा हार कुणाच्या गळ्यात घालायचा, गाढवाच्या?" ते हसायचे आणि उसवून पुन्हा ओवायचे. बाराव्या की तेराव्या दिवशी मी दोरा तोडला आणि म्हटलं, आत चला, लिहा. मी पप्याचं नाव घेतलं. त्यांनी ते कागदावर लिहिलं, तोंडानं उच्चारलं नाही.

पप्या आत गेला, पण त्याची माणसं बाहेर होती. कोर्टात साक्षीची तारीख जवळ आली तसे पगारेभाऊ सुट्टी टाकून दिवसभर ओट्यावर बसायला लागले. तारखेच्या दोन दिवस आधी, टळटळीत दुपारी, मोटारसायकल थांबली. दोघं उतरले, एकाच्या हातात कोयता. तो सरळ माझ्याकडे आला. पगारेभाऊ बसले होते तसेच मध्ये सरकले आणि बसायचा पाट पुढं धरला. पाट चिरला आणि पातं त्यांच्या डाव्या मनगटात रुतलं. ते ओरडले नाहीत. उजव्या हातानं त्यांनी त्या माणसाचे पाय धरले ते सोडलेच नाहीत, आणि तो वरून बुक्क्या मारत होता, तोंडावर, कानावर. गल्लीत कड्या लागल्याचे आवाज मी ऐकले, एकामागून एक. मला वाटलं, झालं, बबनसारखंच आता... तेवढ्यात मंगल घरातून आली आणि डाव्या हातानं त्याच्या डोक्यात वरवंटा घातला. तो पडला. दुसरा गाडीकडे पळाला. मग एक कडी निघाली, दुसरी निघाली. मेथी विकणारी सखू विळी घेऊन आली, तिच्यामागं तिच्या सुना. पळणाऱ्याला त्यांनी कोपऱ्यावर गाठलं आणि इतकं मारलं की शेवटी मलाच म्हणावं लागलं, सोडा, मरेल.

संध्याकाळी त्या सगळ्या दवाखान्यात गेल्या. पगारेभाऊंचा चेहरा सुजून भोपळा झालेला. सखू खाटेशी उभी राहून म्हणाली, "हवालदार, आमची पण नावं लिवा. आज बघितलं ते, आन मंगलचं पण." त्यांना बोलता येत नव्हतं, तरी ओठ हलवून म्हणाले, "हळू बोल बाई..." पप्याला शिक्षा लागली. भाऊंच्या डाव्या हाताची मूठ मात्र पुन्हा कधी वळली नाही.

आम्ही पोलिसांवर विश्वास ठेवला असं लोक म्हणतात. पोलिसांवर नाही, एका माणसावर ठेवला. ते गेल्यावर आठवड्याभरातच हे मला नीट कळलं. बाजारात रसवाल्याला दोन पोरांनी चाकू मारला, माझ्या देखत. नवी कॉन्स्टेबल आली, मंगलच्या लेकीच्या वयाची, गणवेशात, आणि सगळ्यांसमोर खणखणीत विचारलं, "मावशी, तुम्ही बघितलं ना? नाव काय तुमचं?" सगळ्या माना खाली. मी म्हटलं, "मी नाही बघितलं." ती जायला वळली तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. हळूच म्हटलं, "शेवंती हवी असेल तर घरी ये. साध्या कपड्यात." तिला काही कळलं नाही. "मावशी, मला कामं आहेत," म्हणून गेली.

दोन दिवस मी वाट पाहिली. खरं सांगते, येऊ नये असंही वाटत होतं. आता ओट्यावर मध्ये सरकणारं कुणी नाही. तिसऱ्या दिवशी आली, पंजाबी ड्रेस घालून, ओढणी डोक्यावर घेऊन. बहुतेक कुणी जुन्या शिपायानं सांगितलं असावं. "शेवंती कशी दिली?" असं विचारलं तिनं, दारातून, अगदी खालच्या आवाजात. मी तिला आत घेतलं, दार लोटलं आणि दोन्ही पोरांची नावं सांगितली. माझं नाव लिहिताना तिनं विचारलं, "मावशी, हे कुणाला कळलं तर चालेल का?"

ती पोरं आता आत आहेत, आणि हे छापून आल्यावर सगळ्या बाजाराला कळेलच की सांगणारी मी होते. कळू दे. तिनं माझं नाव कुठं उच्चारलं नाही, महिनाभर. मी सांगते आहे, माझं मी.