पहिल्या खुंटीकडे बघणं

लातूरच्या क्लासमध्ये उपग्रहाची कक्षा शिकवायच्या आधी मी फळ्यावर केळीची ओळ काढते. पोरं हसतात. हसू देत. ती ओळ ज्यांनी दाखवली ते माझे वडील, अण्णा, आता नाहीत.

नांदेडला मी एम.एस्सी. करत होते तेव्हा उपग्रहाचा मार्ग संगणकावर काढायचा प्रकल्प माझ्या गळ्यात पडला. रीत सोपी वाटली: आत्ताचा वेग धरायचा, उपग्रह एक पाऊल पुढे सरकवायचा, तिथून पुन्हा पुढचं पाऊल. फेरी संपली की त्यानं सुरुवातीच्या जागी यायला हवं. माझा मात्र दर फेरीला पृथ्वीपासून लांबच चालला होता. त्याची ऊर्जा कायम तेवढीच राहायला हवी, म्हणून मी ती दर वेळी मागच्या पावलाशी ताडून बघत होते. फरक अगदी नावाला. आठ दिवसांवर तोंडी परीक्षा आली होती. डोकं फिरलं आणि मी लॅपटॉप उचलून अर्धापूरला घरी आले.

अण्णा मळ्यात केळी लावत होते. माझं तोंड बघून म्हणाले, "काय होऊन राहिलं?"

"तुम्हाला न्हाई कळायचं, अण्णा." मी फटकन बोलले. तरी चिडचिडत सगळं सांगितलंच.

ते रोपाभोवतीची माती दाबत राहिले. "मागच्या रोपाकडं बघून लावलं की ओळ सरळच दिसती, माय. बोटभर सरकलेलं कुठं कळतंय? दहा रोपं झाली की ओळीच्या तोंडाशी ठोकलेल्या पयल्या खुंटीकडं बघावं लागतं."

बांधावरच लॅपटॉप उघडला. दर पावलाची ऊर्जा अगदी पहिल्या ऊर्जेशी ताडली. इवली इवली वाढ, सगळी एकाच बाजूला साचत गेलेली. दोष रीतीतच होता. मग एका पावलात चारदा वेग तपासणारी रीत घेतली आणि उपग्रह मुकाट जागेवर आला.

परीक्षेला अण्णा सोबत आले, सरांसाठी केळी घेऊन. बाहेर बाकावर बसले. परीक्षकांनी विचारलं, "पहिल्या ऊर्जेशी ताडायचं कसं सुचलं?"

दार उघडंच होतं. अण्णांच्या धोतराचा काठ मला दिसत होता. लाज वाटली मला, दुसरं काही नाही.

"पुस्तकात वाचलं, सर."

परतताना एसटीत अण्णा खुशीत होते. अर्धापूर जवळ आल्यावर म्हणाले, "म्हंजे पुस्तकात बी पयली खुंटी हायच म्हण की."

"हाव," मी म्हणाले.