शेवंताआक्काचं लुगडं

शेवंताआक्का शिवीला वळून बघत नसे. चाकणच्या बाजारात "ए हिजड्या" अशी हाळी आली, की ती सरळ पुढं चालत राहायची. कुणी फारच पिच्छा पुरवला, तर थांबून म्हणायची, "पोरांची नावं ठेवताना घुगऱ्या वाटता. माझं नाव घ्यायला जीभ झडती व्हय?"

आमचं गाव मोठं सोवळं. आक्का पुरुषाच्या देहात जन्मली आणि बाई म्हणून जगली, एवढ्यावरून तिला पाणवठ्यावर मज्जाव. पोर जन्मलं, की ओवाळायला मात्र तीच हवी. गोधड्या शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. माझे चुलतसासरे पारावर बसून तिला वाटेल ते बोलायचे आणि घरी येऊन तिच्याच गोधडीत घोरायचे.

पिंपरीला तेव्हा पेनिसिलिनचा कारखाना नुकताच सुरू झाला होता. पारावरची मंडळी जणू स्वतःच ते औषध शोधल्यासारखी मिशांवरून हात फिरवत. त्याच दिवसांत आक्काच्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि पाय सडत चालला. सासूबाई आणि मी तिला बैलगाडीतून दवाखान्यात नेलं. बायकांच्या रांगेतून तिला उठवलं. पुरुषांच्या रांगेत हशा पिकला. डॉक्टरनं तिला लुगडं वर करायला सांगितलं आणि गंमत बघायला कंपाउंडरलाही बोलावलं. शिकलेला माणूस तो!

"दुखतोय पाय, डाक्टर," आक्का म्हणाली, "तुमी बघताय कुठं?" आणि लंगडत बाहेर आली.

पुन्हा दवाखान्याची पायरी चढायला ती तयार झाली नाही. सासूबाईंनी हातापाया पडून पाहिलं, पोटिसं बांधली. ताप चढत गेला आणि आक्का गेली.

तिच्या खोपटापाशी चुलतसासरे धोतर घेऊन हजर. बाप्याचं मढं बाप्यासारखंच गेलं पाहिजे, नाहीतर गावाला दोष लागेल, असं त्यांचं म्हणणं. पाय सडेपर्यंत या गावाला दोष लागला नव्हता!

दिरापुढं कधी आवाज न चढवणाऱ्या सासूबाई दारात आडव्या बसल्या.

"म्या न्हाऊ घातलीय तिला, भावजी. बाई हाय ती. लुगड्याला हात लावायचा तर माझ्या अंगावरनं जा."

धोतर परत गेलं. पारावरचं कुणी खांदा द्यायला थांबलं नाही. माझ्या नवऱ्यानं बाजारातले तीन हमाल बोलावून आणले, आणि आक्का हिरव्या लुगड्यात, कपाळभर कुंकू लावून गेली.

सासूबाईंनी सुतक धरलं. कोण गेलं म्हणून कुणी विचारलं, तर सांगायच्या, "थोरली बहीण."