करवंदीच्या जाळीमागं

एप्रिलातल्या एका शनिवारी सकाळी दोन दुर्बिणी, एक पाण्याची बाटली आणि एक टोपी एवढं सामान घेऊन मी पुण्याहून लोणावळ्याच्या गाडीत बसले. समोरच्या बाकावरचा माणूस तळेगावपासून माझ्या पिशवीकडे बघत होता. मी त्याच्या पिशवीकडे बघत होते. कामशेतला तो उतरला तेव्हा दोघांनाही हायसं वाटलं असावं.

संशय हा माझा मूळचा स्वभाव की नोकरीचा परिणाम, हे आता सांगता येणार नाही. मी शिक्षण खात्यात होते आणि दर परीक्षेला भरारी पथकात माझं नाव ठरलेलं असे. मोज्यातल्या, पट्ट्यातल्या, वेणीतल्या चिठ्ठ्या मी काढलेल्या आहेत. निवृत्तीनंतर वेळ जावा म्हणून पक्षी बघणाऱ्यांच्या एका गटात शिरले. तिथे माझी जुनी दुर्बीण इतकी धुरकट होती की सगळे सुतारपक्षी बघायचे आणि मला झाडही दिसायचं नाही. गटाचे म्होरके देवस्थळी म्हणायचे, "मॅडम, तुम्ही यादी लिहा, आम्ही सांगतो." मला त्या यादीचा राग होता. लोणावळ्याच्या बाजूला मलबारी धनेश घरटं करतो अशी कुणकुण त्यांना लागली होती, पण जागा सापडत नव्हती. ती मी शोधायची आणि सोमवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगायची, असं मी ठरवलं.

त्याआधी दुर्बीण हवी. दुकानदाराने काउंटरवर सहा मांडल्या. लाल चकचकीत भिंगांची एक होती, तिच्या खोक्यावर 'शंभर पट' असं छापलेलं. शंभर पट जवळ आलेला पक्षी हातात धरून कोण बघणार? ती मी बाजूला सारली. दुर्बिणीवर दोन आकडे असतात. पहिला किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुकानाबाहेर येऊन मी एकेकीतून समोरची विजेची तार बघितली. तारेच्या कडेला जांभळी रेघ दिसली की भिंग हलकं. चार दुर्बिणी तिथेच नापास झाल्या. उरल्या दोन, एक आठ पटीची आणि एक दहा पटीची.

"दोन्ही घेऊन जा मॅडम," दुकानदार म्हणाला. "डोंगरात वापरून बघा. सोमवारी एक परत करा."

एवढा विश्वास टाकणारा माणूस नक्की काहीतरी लपवतो. मी त्याच्याकडे रोखून बघितलं.

तो हसला. "तुम्ही ओळखलं नाहीत. बारावीला भूगोलाच्या पेपरला माझ्या मोज्यातून चिठ्ठी तुम्हीच काढली होती. तुम्हाला फसवायची हिंमत आता नाही."

मला त्याचा चेहरा आठवला नाही, मोजा मात्र आठवला.

लोणावळ्याला उतरले तर स्टेशनाबाहेर प्रत्येक चिक्कीवाला आपणच अस्सल आणि जुना असल्याची पाटी लावून बसलेला. सगळेच अस्सल असतील तर नकली कोण? मी चिक्की न घेता औंढे गावाकडे जाणाऱ्या शेअर जीपमध्ये बसले. ड्रायव्हर तरुण आणि बोलका होता. मी सहज विचारलं, "इकडे धनेश दिसतो का हो?"

"दिसतो की. धबधब्याच्या अंगाला, करवंदीच्या जाळीमागं. कालच सकाळी बसल्याला."

उत्तर झटकन आलं. मला बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं. न अडखळता उत्तर देणारा विद्यार्थी मी आधी तपासत असे.

जीपने सोडलं तिथे चहाची टपरी होती. टपरीवाल्या मावशींनी चहा कोरा दिला, दूध संपलं म्हणाल्या. मागे दुधाचं पातेलं झाकलेलं दिसत होतं. मी कोराच प्यायले. धनेशाचं विचारलं तर पदराने कपाळ टिपत म्हणाल्या, "धबधब्याच्या अंगाला, करवंदीच्या जाळीमागं. कालच सकाळी बसल्याला बगा."

चढणीला एक म्हातारे आबा शेळ्या चारत होते. त्यांनी माझ्या गळ्यातली दुर्बीण बघितली, मग पिशवीतून डोकावणारा दुसरीचा पट्टा. "शिकारीला आलाय व्हय? बंदूक कुटं हाय?"

"शिकार कसली आबा, पक्षी बघायला आलेय."

"मंग दोन कशाला? डोळं तर दोनच हायती." त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. दोन दुर्बिणी म्हणजे चार डोळे. मी दुकानाची हकीकत सांगू लागले, पण त्यांना ती पटली नाही. धनेश मात्र त्यांनी लगेच सांगितला, "धबधब्याच्या अंगाला. करवंदीच्या जाळीमागं. कालच सकाळी बसल्याला."

तीन माणसं, एकच उत्तर, तेच शब्द, त्याच क्रमाने. कुठेतरी पाणी मुरत होतं.

तरीही मी गेले, कारण उत्तर तपासल्याशिवाय शून्य देता येत नाही. वरकस (डोंगरउतारावरची हलकी जमीन) तुडवत, मुरमावरून एकदा चांगलीच घसरून, कोपर सोलून मी धबधब्याखाली पोचले. एप्रिलात धबधबा म्हणजे नुसता काळा कातळ. आणि करवंदीची जाळी? तिथे जाळी नव्हतीच. बंगल्यांच्या प्लॉटला घातलेली दगडी भिंत होती, तिच्यावर काचा रोवलेल्या होत्या. सिमेंटवर शेवाळ चढून काळं पडलेलं, म्हणजे भिंत कालपरवाची नव्हती.

मी त्या भिंतीच्या सावलीत बसून हसले. तीन पेपरांत उत्तर सारखं आलं तर पोरं हुशार असू शकतात. तीन पेपरांत चूक सारखी आली की कॉपी. ही जाळी जागेवर होती तेव्हा कुणीतरी हे उत्तर रचलं होतं, आणि सगळ्यांनी ते पाठ केलं होतं. मग खरं उत्तर कुठं होतं?

तहान लागली होती, बाटली रिकामी झालेली. उतरताना ठाकरांची दहा-बारा घरांची वाडी लागली. शेवटच्या घरातल्या बाईने तांब्याभर पाणी दिलं. मी ते आधी हुंगलं आणि मग मलाच लाज वाटली. पाणी गार आणि गोड होतं. बाईचं नाव हिराबाई. वय माझ्याएवढंच, साठीच्या आसपास, अंगाने काटक.

पाणी पिता पिता मी सवयीने वर्ग न्याहाळावा तशी वाडी न्याहाळली. पोरं सगळीकडे हुंदडत होती, फक्त हिराबाईंच्या घरामागच्या जुन्या बेहड्याकडे एकही जात नव्हतं. त्या झाडाखालचा पाचोळा तुडवलेला नव्हता. वाळक्या फांद्या पडलेल्या, पण सरपणाला कुणी उचलल्या नव्हत्या. आणि मी बोलत असताना हिराबाई आंब्याकडे बघायच्या, कातळाकडे बघायच्या, माझ्या चपलांकडे बघायच्या, बेहड्याकडे मात्र एकदाही नाही. पोर ज्या खिशाकडे चुकूनही बघत नाही, चिठ्ठी त्याच खिशात असते.

एवढ्यात कुणीतरी खो खो हसलं. मला वाटलं, आबाच वर येऊन माझी टिंगल करतायत. हसणं पुन्हा आलं, बेहड्यातून. मलबारी धनेश असाच ओरडतो हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. मी आठ पटीची दुर्बीण उचलली आणि झाडाकडे दोन पावलं टाकली.

समोर अंधार झाला. हिराबाईंनी भिंगांवर तळवा ठेवला होता.

"आवाज कशाचा, म्हाईत न्हाई," त्या म्हणाल्या. "पानी प्यालात न्हवं? आता जावा."

"धनेश आहे तो."

"तुमचा दुसरा मानूस कुटं हाय? एकल्या बाईला दोन दुर्बिनी कशाला लागत्यात? मागं कोन येतंय?"

त्यांचा आवाज चढला तशी शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आली. मी आयुष्यभर ज्या नजरेने पोरांकडे बघत आले, त्या नजरेने वाडी माझ्याकडे बघत होती. फार वाईट वाटतं तसं कुणी बघितलं की. मी दोन्ही दुर्बिणी काढून सोप्यावर (घरापुढच्या पडवीत) ठेवल्या, पिशवी उलटी केली. त्यातून टोपी पडली आणि दुकानाची चिठ्ठी. हिराबाईंच्या सुनेने ती मोठ्याने वाचली, 'दोन नग, पसंतीसाठी, सोमवारी एक परत'. कुणीतरी फिस्सकन हसलं. माणसं पांगली, पण हिराबाई हलल्या नाहीत.

"बरं, तुम्ही कुणी चोर न्हाई. पर चोर न्हवते ते बी आल्तेच की."

मग त्यांनी सांगितलं. धनेशाची मादी ढोलीत बसते आणि आतून चिखलाने, विष्ठेने दार लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते. नर त्या फटीतून उंबर, किडे भरवतो. आत तिची पिसं झडतात, उडता येत नाही. "दोन वरसांपूर्वी कॅमेरेवालं आलं. चांगली मानसं हुती, पोरांस्नी बिस्किटं दिली. मीच दावली त्यांस्नी ढोली. मीच. दुसऱ्या दिशी वीस आले. झाडाखाली उभं ऱ्हायले, शिट्ट्या मारल्या. नर तीन दिस फिरकला न्हाई. भुकंनं तिनं भित फोडली आन् खाली पडली. पंख कुटं हुते तिला? कुत्र्यानं धरली माझ्या म्होरं."

त्यांनी पहिल्यांदाच बेहड्याकडे बघितलं. "औंदा दुसरी बसलीया तितं. मागल्या खेपंपास्नंच औंढ्यापतुर समद्यांस्नी सांगितलंय, कुनी इचारलं तर हेच सांगायचं."

"करवंदीच्या जाळीमागं?"

"व्हय."

"हिराबाई, तिथे आता काचा रोवलेली भिंत आहे."

त्यांनी कपाळावर हात मारला. "इसरलोच बाई आमी! जाळी तोडली त्याला लय दिस झालं."

मला हसू आलं आणि माझ्यातली पथकवाली जागी झाली. पण या वेळी ती दुसऱ्या बाजूला बसली. मी म्हटलं, "सगळ्यांनी एकच सांगितलं की पकडले जाता. जीपवाल्याने एक सांगावं, टपरीवर दुसरं, आबांनी तिसरं. आणि झटकन सांगायचं नाही, जरा आठवल्यासारखं करायचं. दोघांनी तर माहीत नाही म्हणायचं." हिराबाई ध्यान देऊन ऐकत होत्या. तीस वर्षांत एवढं मन लावून माझं कुणी ऐकलं नव्हतं.

मग भाकरी झाली, नाचणीची, सोबत कच्च्या करवंदांचा ठेचा. जेवल्यावर त्या म्हणाल्या, "बगायचं तर हितनं बगा, ह्या सोप्यावरनं. उखळाच्या म्होरं पाय टाकायचा न्हाई."

उखळापासून बेहडा चांगला लांब होता. आठ पटीच्या दुर्बिणीतून झाड स्थिर, उजळ दिसलं, पण ढोली म्हणजे नुसता काळा ठिपका. दहा पटीची लावली तर माझ्या हातांच्या थरथरीबरोबर अख्खं झाड डोलू लागलं. दुकानात जांभळी रेघ नव्हती एवढ्यावर मी तिला पास केलं होतं. मी खांबाला पाठ टेकली, कोपरं गुडघ्यांवर रोवली, श्वास धरला. झाड थांबलं. लिंपलेलं दार, मधली उभी फट, आणि फटीतून पिवळट चोचीचं टोक आत-बाहेर होताना दिसलं. नर आला, त्याने दोनदा आजूबाजूला बघून खात्री केली, इतका संशयी की मला तो घरचाच वाटला. मग त्याने उंबर भरवला.

मी दुर्बीण हिराबाईंना दिली. त्या त्याच झाडाच्या राखणीला दोन वर्षं होत्या, पण दारापाशी काय चालतं ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. जवळ गेल्या नव्हत्या म्हणून. बराच वेळ त्यांनी ती डोळ्यांवरून काढली नाही. दुर्बीण खाली घेतली तेव्हा डोळे ओले होते. "जित्ती हाय," एवढंच म्हणाल्या.

सोमवारी आठ पटीची परत केली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हात थरथरणाऱ्याने आठचीच घ्यावी." खरं आहे ते. पण दहा पटीच्या दुर्बिणीने लांब बसता येतं.

संध्याकाळी बैठकीत देवस्थळींनी विचारलं, "काय, सापडला?" याच क्षणासाठी मी गेले होते. वहीत नर, मादी, वेळ, झाड सगळं लिहिलेलं होतं. मी वही पर्समध्येच ठेवली आणि म्हटलं, "धबधब्याच्या बाजूला दिसतो म्हणे. मला काही दिसला नाही." आयुष्यात पहिल्यांदा कॉपी केली आणि कानाची पाळी गरम झाली. देवस्थळींनी यादीची वही माझ्याकडे सरकवली. मी ती घेतली.

पुढच्या रविवारी ते स्वतः जाऊन आले. वैतागले होते. "गावात कुणाला काही ठाऊक नाही हो! जीपवाला म्हणतो तळ्याकडे, टपरीवाली म्हणते लेण्यांकडे, एक म्हातारा तर अर्धा तास आठवतच बसला." मी मनातल्या मनात तिघांना पैकीच्या पैकी गुण दिले.

मे महिन्याच्या शेवटी हिराबाईंच्या सुनेच्या नंबरवरून फोन आला. "मावशी, भित फुटली! आपसूक फुटली. ती बाईर आली, दोन पिल्लं हायती. उडत्यात." मागून कुणीतरी खो खो हसत होतं. या वेळी कोण हसतंय याचा मला जराही संशय आला नाही. फोन ठेवून मी रडले.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला तो धनेश बघायची इच्छा झाली असेल, तर खूण सांगते. धबधब्याच्या अंगाला, करवंदीच्या जाळीमागं. कालच सकाळी बसला होता.