पुसलेली रेघ

विम्याच्या कामात माणूस जुना झाला की त्याच्याकडे फायलींपेक्षा किस्सेच जास्त साठतात. मी मूळची सांगलीची, वीस वर्षं चंदिगडात नुकसानीचे सर्व्हे करतेय. पूर ओसरला की टेप आणि कॅमेरा घेऊन गावोगाव फिरायचं. आमच्या आधी गुरुद्वाऱ्यातले, देवळातले लोक तिथे पोचलेले असतात. ते काही विचारत नाहीत आणि आम्ही विचारल्याशिवाय राहत नाही. मग किस्से व्हायचेच!

*

पहिल्याच पुरात सकाळपासून उपाशीपोटी भिंती मोजत होते. गुरुद्वाऱ्याच्या लंगरची, जेवण वाटणारी ट्रॉली आली आणि एका म्हाताऱ्या सेवादाराने माझ्या हातावर दोन रोट्या ठेवल्या. मी संकोचून म्हटलं, "बाबाजी, मैं बाढ़वाली नहीं, इन्शुरन्सवाली हूँ."

"रोटी नूं की पता, बेटा!" रोटीला काय ठाऊक, म्हणत बाबाजी पुढे गेले.

घरी हे सांगितलं, तर लेक म्हणाली, "मम्मा, वो लोग प्रूफ नहीं माँगते, तो आप क्यों माँगते हो?" खोटे क्लेम, बाकीच्यांचे पैसे, असं काय काय मी तिला समजावलं. स्वतःची समजूत मात्र अजून पुरती घालता आलेली नाही.

*

उलटंही बघितलंय. एका वस्तीत चादरी वाटणाऱ्यांनी आधी आपल्या देवाचा जयजयकार करायला लावला, मग फोटो काढला, मग चादर दिली. मला भयंकर राग आला. रांगेतल्या एका बाईला विचारलं, "आपने भी बोला?"

"बोल दिया जी! ठंड बच्चे को लग रही थी, भगवान को थोड़े ही!"

*

आमचे साहेब म्हणजे सिंगसाहेब. ऑफिसात एकदम कडक, कागद नाही तर क्लेम नाही. दर रविवारी सेवेला जातात, पण कुठे गेला होतात विचारलं की एकच उत्तर, "बता दी तो सेवा काहे की?"

एकदा एका शेतकऱ्याची विमा उतरवलेली म्हैस पुरात गेली. देवळाच्या ट्रस्टने त्याला दुसरी म्हैस दिली. आमच्याकडचा नवा ऑफिसर म्हणाला, "सर, नुकसान तो भर गया. अब हम क्यों दें?"

सिंगसाहेब शांतपणे म्हणाले, "ठीक है. ट्रस्ट को चिट्ठी लिखो, हमारी कंपनी भी बाढ़ में डूब गई है, मदद भेजो!"

क्लेम त्याच दिवशी पास झाला.

*

आणि निर्मल कौर. नवरा गेल्यावर शिवणकामाच्या दुकानाच्या कमाईवर आपल्या दोन मुलींचं शिक्षण करणारी बाई. पाच मशिनं, पाचांचाही विमा. मी पोचले तेव्हा पूर ओसरून दोन आठवडे झाले होते आणि दुकान लख्ख होतं! रविवारी सेवादार आले, गाळ उपसला, भिंतींना चुना लावला, खराब झालेली मशिनं गावच्या भंगाराबरोबर पाठवून दिली. भिंतीवर पाण्याची रेघ नाही, मशीन नाही, साधा एक फोटोही नाही.

"बेटा, उन्होंने तो अच्छा ही किया ना?" त्यांनी विचारलं. मी त्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला.

खोटं लिहिता येत नव्हतं. मी रिपोर्टात 'पुरावा उपलब्ध नाही' असं लिहिलं आणि जड मनाने फाईल सिंगसाहेबांपुढे ठेवली. मी काढलेला पांढऱ्या भिंतीचा फोटो त्यांनी उचलून बघितला.

"चूना कुछ ज़्यादा ही अच्छा लग गया," ते पुटपुटले.

मग फाईल उचलून त्यांनी त्या नव्या ऑफिसरच्या टेबलावर ठेवली. "फ़ैसला तुम करोगे. मैं नहीं कर सकता." आणि माझ्याकडे साक्षीदाराचा फॉर्म मागितला.

त्यांनी लिहिलं, 'पाण्याची रेघ माझ्या खांद्याला लागत होती. ती मीच पुसली. पाचही मशिनं मी उचलून बाहेर नेली, त्यांतून गाळ सांडत होता.' खाली सही केली.

फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न असतो, साक्षीदाराला विमाधारकाकडून काही लाभ मिळाला आहे का? हा रकाना आजवर कुणी भरलेला मी पाहिला नव्हता.

सिंगसाहेबांनी भरला, 'होय. दोन कप चहा.'