शेवटचं सावधान

वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारात होतं, त्या काळात मी लोणारच्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत असे. आमचे मास्तर कामठीच्या पलटणीत बाजा शिकून आलेले. लाल कोटाचं बटण तुटलेलं त्यांना चाले, ठोका चुकलेला मुळीच खपत नसे. आणि लग्नात सगळ्यात अवघड ठोका शेवटच्या 'सावधान'चा. मंगलाष्टकं संपली असं वाटावं, की नेमकी कुणा आत्याबाईंना आणखी एक कडवं म्हणायची हौस येई. मंडपाबाहेरून आम्हाला बोहलं दिसे, पण गलक्यात शब्द कळत नसत. म्हणून वधूकडचा एक माणूस मधे उभा राही. त्यानं उपरणं हलवलं की दणका द्यायचा.

सुलतानपूरच्या त्या लग्नात वरपक्ष सकाळपासून फुगून बसला होता. मारुतीपाशी स्वागताला उशीर झाला, एवढंच निमित्त. नवरदेवाचा बाप सगळ्यांदेखत म्हणाला होता, "आता आनखी एक चूक झाली तं बैल जुपतो."

वधूचा बाप आमच्याकडे आला. "मास्तर, आज चुकू नोका. पोरीचं एकडाव मोडलं हाय. आता मोडलं तं तिले कोनी विचारनार नाही."

मास्तर नुसते "हाव" म्हणाले.  बाजा वाजवायला आलो होतो, पोरीचा जन्म सांभाळायला नव्हे, असं माझ्या मनात आलं आणि स्वतःचाच राग आला.

गोरज मुहूर्त होता. कडव्यामागून कडवी चालली. क्लॅरिनेट ओठाला लावून माझा जबडा आखडला. तेवढ्यात उपरणेवाल्याला घाम असह्य झाला आणि त्यानं उपरणंच उचलून तोंड पुसलं. ढोलवाल्यानं धाडकन टिपरू हाणलं. मागच्या लोकांनी अक्षता उधळल्या, टाळ्या पिटल्या.

अंतरपाट तसाच होता. इथल्याही एका आत्याबाईंचं कडवं अर्ध्यात तुटलं आणि मंडप चिडीचूप झाला. मास्तरांनी हात आडवा धरून आम्हाला थांबवलं. नवरदेवाचा बाप सावकाश उठला, खांद्यावर शेला टाकला आणि गाडीवानाला हाक मारायला वळला. वधूचा बाप जागच्या जागी खाली बसला.

तेव्हा अंतरपाट हलला. वधूनं आपल्या हातानं त्याची कड धरून खाली ओढली. "मले सावधान ऐकू आलं," ती म्हणाली. आवाज बाहेर आमच्यापर्यंत आला. तिनं हार उचलला आणि दोन्ही हात तसेच वर धरून उभी राहिली.

नवरदेवानं बापाकडे पाहिलं. बाप गाडीवानाकडे वळलेला तसाच थबकला होता. 

नवरदेवानं मान वाकवली.

मास्तर ओरडले, "वाजवा." सगळा बँड सुरू झाला. मला मात्र गाण्याची पहिली ओळ फुंकताच आली नाही, मी रडत होतो.